स्क्रूड्रायव्हरसाठी लेथवर लाकडी मूठ कातताना: आधी भोक, मग आकार

बाजारातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरची सळई पुष्कळदा चांगल्या पोलादाची असते. कमी पडते ती मूठ. काही वर्षांनी प्लॅस्टिक तडकते, तेलकट किंवा घामट हातातून ते सरकते, आणि मोठ्या पंजाच्या माणसाला ती मूठ बारीक वाटते, तर लहान हाताला तीच जाड होते. ज्याच्याकडे लाकूड फिरवून कातायचा छोटा लेथ आहे त्याला अशा सळईवर स्वतःच्या हाताच्या मापाची लाकडी मूठ एका दुपारी बसवता येते. हे काम दिसायला सोपे आहे आणि बहुतांशी सोपेच आहे, मात्र त्यातली एक गोष्ट चुकली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते: सळईचा अक्ष आणि मुठीचा अक्ष एकच असला पाहिजे.

माझी पहिली मूठ मी आधी कातली, घासून गुळगुळीत केली, तेल लावले आणि मग ड्रिल मशीनखाली उभी धरून तिला भोक पाडले. ड्रिल लाकडाच्या रेषांच्या कलाने सरकत गेले आणि साठ मिलिमीटर खोलीवर ते मध्यापासून जवळजवळ तीन मिलिमीटर बाजूला पोहोचले. सळई बसवल्यावर मूठ फिरवली की टोक स्क्रूच्या खाचेत स्थिर राहण्याऐवजी गोल गोल फिरे. त्या मुठीचा आकार पुढच्या कित्येक मुठींपेक्षा चांगला होता, पण ती कधी वापरता आली नाही. म्हणून या लेखातला क्रम आधी भोक आणि मग आकार असा आहे.

उदाहरणासाठी ६ मिमी जाडीची, मुठीबाहेर साधारण १५० मिमी लांब राहणारी, चपट्या टोकाची सळई घेऊ. घरात सर्वाधिक वापर याच मापाचा होतो.

सळई मोकळी करणे

जुनी प्लॅस्टिकची मूठ व्हाइसमध्ये धरावी आणि हॅक्सॉने लांबीच्या दिशेने समोरासमोर दोन चिरा घ्याव्यात. सळईला करवत लागू लागली की थांबावे, चिरेत एखादी जुनी पटाशी घालून हलका ठोका द्यावा, म्हणजे मूठ दोन फाकांत उघडते. प्लॅस्टिकचे तुकडे उडतात, त्यामुळे गॉगल हवाच. मूठ जाळून किंवा सळई तापवून ती काढण्याचा मोह टाळावा. धूर अपायकारक असतोच, शिवाय पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की त्यावर निळी झाक येते, आणि ती झाक टोकापर्यंत पोहोचली तर टोकाची कठीणता उतरते आणि ते पहिल्याच घट्ट स्क्रूवर मुडपते.

बाहेर आलेल्या सळईचे शेपूट, म्हणजे मुठीत लपलेला भाग, नीट पाहावे. बहुतेक सळयांना तिथे दोन किंवा चार ठिकाणी दाबून चपटे केलेले कान असतात, आणि सळई मुठीत फिरू नये हे त्यांचेच काम असते. ते कापून टाकू नयेत. कानांसह जास्तीत जास्त रुंदी व्हर्निअरने मोजून लिहून ठेवावी. आपल्या सळईत ती ८ मिमी आहे असे धरू. सळईची जाडीही तीन ठिकाणी मोजावी, कारण सहा मिमी म्हणून विकली जाणारी सळई कधी ५.९ तर कधी ६.१ भरते.

किती जाड, किती लांब

मुठीची जाडी हा केवळ आवडीचा प्रश्न नाही. पीळ हा हाताचा जोर आणि मुठीची त्रिज्या यांच्या गुणाकारातून मिळतो, म्हणून २४ मिमी जाडीच्या मुठीऐवजी ३४ मिमीची मूठ धरली तर तेवढ्याच जोरात सुमारे ४० टक्के अधिक पीळ मिळतो. मात्र जाडी ज्या हाताने धरायची आहे त्यावरच ठरते. वायरिंगचा २५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यावा, त्यावर वर्तमानपत्राचे पट्टे थोडे थोडे गुंडाळत जावे, आणि प्रत्येक वेळी तो मुठीत धरून पिळून पाहावा. अंगठा आणि मधले बोट यांची टोके जेमतेम टेकतात तिथे बहुतेकांची योग्य जाडी सापडते. प्रौढ माणसाच्या हातात ती ३२ ते ३८ मिमीच्या आसपास येते. लांबी शंभर मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, नाहीतर मुठीचे मागचे टोक तळहाताच्या मधोमध रुतते आणि दहा स्क्रू कसल्यावर तिथे दुखू लागते.

बारीक सळईला जाड मूठ लावू नये, हेही इथेच सांगायला हवे. तीन मिमीच्या टोकाला ३४ मिमीची मूठ लावली तर हाताला कळण्याआधी टोक पिळून तुटते किंवा स्क्रूची खाच तरी फाटते. बारीक कामाच्या स्क्रूड्रायव्हरला १५ ते २० मिमीची मूठ पुरते.

लाकूड

मुठीला लागणारे लाकूड कठीण, सरळ रेषांचे आणि पूर्ण सुकलेले हवे. या तीन गुणांत शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पावसाळ्यात कातलेल्या ओलसर लाकडाची मूठ श्रावणात घट्ट वाटते, पण वैशाखापर्यंत लाकूड आकसते आणि मुठीच्या पुढच्या टोकावरचे धातूचे कडे खुळखुळू लागते. कापलेला तुकडा घरात, भिंतीपासून थोडा दूर, महिनाभर तरी ठेवावा. काटा असेल तर दर आठवड्याला त्याचे वजन करावे, आणि दोन आठवडे वजनात फरक पडला नाही की तो कातायला घ्यावा.

जातींमध्ये माझी पहिली पसंती बाभळीला आहे. औतांना आणि बैलगाडीच्या चाकांना बाभूळच का वापरत, हे तिच्यावर पटाशी लावताच कळते: लाकूड जड आणि चिवट असते, आघाताने ते सहज चिरत नाही. मोडीत निघालेल्या चाकाचा एखादा आरा मिळाला तर तो सोडू नये, कारण ते लाकूड कित्येक वर्षे सुकलेले असते. मात्र आधी त्यावरून लोहचुंबक फिरवून आत खिळा अडकलेला नाही याची खात्री करावी. बाभळीचे गाभ्याचे तांबूस लाकूडच घ्यावे. बाहेरच्या फिकट लाकडाला कीड लवकर लागते. शिसवीची मूठ फार देखणी होते आणि लाकूडही कठीण असते, पण तिची धूळ अनेकांच्या नाकाला, डोळ्यांना आणि त्वचेला झोंबते, म्हणून चांगला मास्क नसेल तर शिसव कातू नये. खैर चालतो, चिंचेचा गाभाही चालतो. फर्निचरच्या कारखान्यांत सागाचे तुकडे सहज मिळतात आणि साग कातायलाही सोपा जातो, पण तो तुलनेने मऊ असल्याने त्यावर वण लवकर पडतात. नेहमीच्या राबत्याच्या मुठीसाठी मी तो घेत नाही. लाखेच्या खेळण्यांसाठी कातारी वापरतात तो काळा कुडा मुलायम आणि सुंदर कातला जातो, परंतु पिळाच्या कामासाठी तो नाही.

तुकडा ४० × ४० मिमी जाड आणि १५० मिमी लांब कापावा. त्याच्या चारही बाजूंवर रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या दिसाव्यात. रेषा मध्येच एखाद्या बाजूने बाहेर पडत असतील तर मूठ नेमकी मानेत, म्हणजे सर्वांत बारीक भागात, चिरण्याची शक्यता असते.

लेथ सुरू करण्यापूर्वी

पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, धुळीचा मास्क आणि अंगालगत बसणारे कपडे घालावेत. हातमोजे घालू नयेत. मनगटातला गंडा, राखी, बांगड्या, अंगठी, गळ्यातली ओढणी आणि मोकळे केस यांपैकी काहीही फिरत्या लाकडाजवळ येता कामा नये, कारण लेथ कापड पकडतो तेव्हा हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. टूल रेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची आडवी पट्टी, लाकडाच्या कोपऱ्यापासून तीनेक मिलिमीटर अंतरावर घट्ट करावा आणि मोटर सुरू करण्यापूर्वी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कुठे अडत नाही हे पाहावे. ही सवय कितीही मुठी कातल्या तरी सोडू नये.

गोल करणे आणि भोक पाडणे

तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढावा, पंचाने खूण करावी आणि तो हेडस्टॉक (मोटरकडची फिरणारी बाजू) व टेलस्टॉक (समोरची सरकती बाजू) यांच्यामध्ये पक्का धरावा. सुरुवातीला वेग मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा. मोठ्या गोल पटाशीने, म्हणजे रफिंग गाऊजने, आधी कोपरे काढावेत. पटाशीची पाठ प्रथम लाकडाला टेकवावी आणि मग पटाशीची मूठ हळूहळू वर उचलत धार लाकडाला लावावी. धार एकदम घुसवली तर लाकूड ती झटक्याने खाली ओढते. चौकोनी तुकडा फिरताना टकटक असा आवाज येतो. तो थांबला की लाकूड गोल झाले असे समजावे. ३७ किंवा ३८ मिमीपर्यंत आणून मागच्या टोकाला चकच्या, म्हणजे हेडस्टॉकवर लाकूड पकडणाऱ्या शिकंज्याच्या, जबड्यांना साजेशी, दहा मिमी लांबीची खुंटी पार्टिंग टूलने, म्हणजे खाच पाडणाऱ्या अरुंद पटाशीने, कापावी.

आता तुकडा चकमध्ये खुंटीवर धरावा. पुढचे टोक तिरप्या पटाशीने सपाट करावे आणि पटाशीच्या अणीने अगदी मध्यभागी लहानशी खळी करावी. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसवून त्यात ६ मिमीचे, मध्ये अणी असलेले लाकडाचे ड्रिल लावावे. वेग ५०० ते ७०० फेऱ्यांवर आणावा. भोक ६५ मिमी खोल हवे आहे, म्हणून ड्रिलवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळावी. दर दहा-पंधरा मिमीला ड्रिल पूर्ण बाहेर काढून भुसा झाडावा. तो आत साचला तर ड्रिल तापते आणि वाकडे जाऊ लागते. इथे लाकूड फिरते आणि ड्रिल स्थिर असते, म्हणून ड्रिल आपोआप फिरण्याच्या अक्षाकडे ओढले जाते. उभ्या मशीनमध्ये नेमके याच्या उलट होते. तयार भोकात टेलस्टॉकचे शंकूच्या आकाराचे लाइव्ह सेंटर (लाकडासोबत फिरणारे टोक) टेकवावे, म्हणजे यापुढचे प्रत्येक कातणे त्या भोकाभोवतीच होईल.

चक नसेल तरी काम अडत नाही. चौकोनी तुकड्यालाच ड्रिल मशीनवर शक्य तितके सरळ भोक पाडावे, मग ते भोक टेलस्टॉकच्या शंकूवर आणि मागचे टोक हेडस्टॉकच्या दातांवर धरावे. मागचे टोक पक्के करण्यापूर्वी भोकात एक सरळ सळई घालून तिच्या रेषेत मागचा मध्य शोधावा. भोक तुकड्यात थोडे तिरके गेले असले तरी मूठ त्या भोकाच्या अक्षावर कातली जाते. चाळीस मिमीचा तुकडा घेण्याचे हेही एक कारण आहे.

शेंबी

मुठीच्या पुढच्या टोकावरचे धातूचे कडे, ज्याला आपण शेंबी म्हणतो, ते शोभेसाठी नसते. सळई पिळली जाते तेव्हा पुढचे तंतू बाहेर फाकू पाहतात आणि त्यांना बांधून ठेवण्याचे काम शेंबी करते. एसी बसवणाऱ्यांकडे पाच सुती तांब्याच्या पाइपचे तुकडे सहज मिळतात. पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच, अर्थात बाहेरून सुमारे १५.९ मिमी. त्यातून १५ मिमी लांबीचा तुकडा पाइप कटरने काटकोनात कापावा. कटरमुळे आतल्या बाजूला कड वळते. ती गोल कानशीने काढल्याशिवाय शेंबी बसत नाही. पितळी पाइप मिळाला तर अधिकच चांगले.

शेंबीचे आतले माप व्हर्निअरने घ्यावे. ते १४ मिमी निघाले असे धरू. मुठीच्या पुढच्या टोकाला १५ मिमी लांबीची मान पार्टिंग टूलने आधी १५ मिमी जाडीपर्यंत आणावी, आणि तिथून पुढे एकेक पातळ छिलका काढत, मशीन थांबवून, टेलस्टॉक मागे घेऊन शेंबी लावून पाहावी. हे चार-पाच वेळा करावे लागते आणि त्याचा कंटाळा करू नये. शेंबी मानेच्या टोकाशी हाताने जेमतेम सरकावी आणि उरलेले अंतर मोगरीच्या ठोक्यांनी जावी, इतपत मान मुळाशी किंचित जाड ठेवावी. टोकाची कड मारून घ्यावी, थोडा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा चिकट पदार्थ) लावावा आणि शेंबीवर लाकडाचा ठोकळा ठेवून ती ठोकून बसवावी. ती हाताने सहज शेवटपर्यंत गेली तर मान बारीक झाली असे समजावे आणि मागे सरकून नवी मान कापावी. इपॉक्सीने पोकळी भरून काम भागत नाही.

आकार देणे

आता वेग १८०० ते २००० फेऱ्यांपर्यंत वाढवता येतो. शेंबीला लागून २० मिमी जाडीची लहान गोलाई ठेवावी. तिच्या मागे, शेंबीपासून साधारण वीस मिमीवर, बोटांसाठी दुसरी मान १८ मिमीपर्यंत खाली न्यावी, कारण अंगठा आणि तर्जनी तिथे टेकतात आणि स्क्रू खाचेत जुळवताना हीच दोन बोटे काम करतात. मानेपासून मूठ हळूहळू फुगत सत्तर मिमीच्या सुमारास ३४ मिमी व्हावी आणि तिथून मागच्या टोकाकडे तळहातात मावेल अशी गोल उतरावी. उतार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे कातावा, म्हणजे तंतू दबतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत येतो. उलट दिशेने गेल्यास ते उचकटतात. मानेशी मोजमाप पुन्हा एकदा तपासावे: १८ मिमीच्या मानेत ६ मिमीचे भोक आहे, म्हणजे चहूबाजूंनी सहा मिमी लाकूड उरते. याहून बारीक जाऊ नये.

मशीन अनेकदा थांबवून मूठ हाताने चाचपावी, डोळे मिटून चाचपली तर अधिक चांगले. जो उंचवटा डोळ्याला दिसत नाही तो तळहाताला कळतो.

पूर्ण गोल मूठ टेबलावरून घरंगळते आणि ओल्या हातात फिरते, म्हणून तिला सहा सपाट बाजू द्याव्यात. लेथला स्पिंडल ठराविक अंशांवर अडकवण्याची सोय असेल तर दर ६० अंशांवर ते अडकवावे, नसेल तर मुठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिचे सहा समान भाग करावेत आणि खुणा करून घ्याव्यात. मशीनचा प्लग काढून मग मरफ्याने, म्हणजे लाकडाच्या खरबरीत कानशीने, आणि त्यानंतर कानशीने घासावे. ३४ मिमीच्या गोलावर प्रत्येक बाजू सव्वादोन मिमीपेक्षा थोडी जास्त खोल गेली की शेजारच्या बाजू एकमेकींना मिळतात आणि षटकोन धारदार होतो. दीड मिमीवर थांबल्यास बाजूंमध्ये गोलाईची अरुंद पट्टी राहते आणि हाताला कोपरा टोचत नाही.

घासणे आणि तेल

टूल रेस्ट बाजूला काढून १२०, १८० आणि २४० नंबरच्या काचपेपरने क्रमाने घासावे. फिरत्या लाकडाभोवती पेपर गुंडाळू नये, तो खालच्या बाजूने बोटांत सैल धरावा. प्रत्येक नंबरनंतर मशीन थांबवून लांबीच्या दिशेने हाताने घासले की आडव्या चरा जातात. मुठीसाठी २४० पुरेसा आहे. त्यापुढे गेल्यास मूठ काचेसारखी होते आणि सरकते. शेंबीला बारीक कानस आणि मग एमरी पेपर लावावा, पण धातूची काळी पूड लाकडात शिरू नये म्हणून लाकडाच्या कडेला चिकटपट्टी लावून घ्यावी.

सावंतवाडीचे कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात. तशी मूठ अतिशय सुंदर दिसते, पण लाखेचा थर घामात निसरडा होतो, म्हणून राबत्या हत्याराला मी तेलच लावतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचे तेल मिळते. ते फडक्याने सढळ लावावे, पंधरा मिनिटांनी उरलेले पुसून घ्यावे, आणि दिवसाआड असे तीन हात द्यावेत. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वापरू नये, कारण ते सुकत नाही आणि मूठ चिकट राहते. जवसाच्या तेलाचे फडके चोळामोळा करून टाकणे धोकादायक असते. तेल सुकताना उष्णता निर्माण करते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावे किंवा पाण्यात भिजवून टाकावे.

पहिला हात लावून झाल्यावर मागची खुंटी पार्टिंग टूलने दहा मिमीपर्यंत बारीक करावी, मशीन बंद करून उरलेला भाग हातकरवतीने कापावा आणि टोक हाताने घासून गोल करावे.

सळई बसवणे

सळईचे कान ८ मिमी रुंद आहेत आणि भोक ६ मिमीचे आहे. तसेच ठोकल्यास कठीण लाकूड चिरू शकते. म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना, कान शेवटी जिथे बसणार आहेत त्या खोलीपर्यंत, हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने उथळ खाचा कराव्यात. खाच कानापेक्षा किंचित लहान असावी, म्हणजे कान लाकडात रुततो. चपट्या टोकाच्या सळईत या खाचा पाडतानाच टोकाची रुंद बाजू मुठीच्या एका सपाट बाजूशी समांतर येईल असे पाहावे. पुढे अंधाऱ्या कपाटात हात घालून काम करताना टोक कुठे वळले आहे हे बोटांना आपोआप समजते.

सळईचे शेपूट एमरीने खरवडून अ‍ॅसिटोनने पुसावे. लाकूड शिसवीसारखे तेलकट असेल तर भोकही पुसावे. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीऐवजी चोवीस तास घेणारा इपॉक्सी घ्यावा, तो अधिक मजबूत होतो. शेपटावर कानशीने एक बारीक उभी चर पाडली की भोकात अडकलेली हवा तिच्यातून निघते, नाहीतर आतली हवा सळईला परत बाहेर ढकलते. काडीने इपॉक्सी भोकाच्या भिंतींना लावावा, सळई तांब्याच्या पत्र्याच्या जबड्यांमध्ये व्हाइसमध्ये टोक खाली करून धरावी आणि मुठीच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोकत मूठ सळईवर उतरवावी. सळईच्या टोकावर हातोडा मारून ती मुठीत घालू नये. बाहेर आलेला इपॉक्सी लगेच पुसावा.

इपॉक्सी ओला असतानाच सळई काचेवर ठेवून मूठ काचेच्या कडेबाहेर काढावी आणि गोल फिरवावी. सळई काचेवर सपाट लोळत असताना मूठ वरखाली झाली तर तिला हाताने हलके दाबून सरळ करावे. ही संधी अर्ध्या तासाची असते. मग चोवीस तास तिला कोणी हात लावू नये.

ही मूठ विजेच्या कामासाठी नाही. लाकूड दमट झाले की वीज वाहू देते आणि शेंबी तर धातूचीच आहे. चालू वीजप्रवाहाजवळ आयईसी ६०९०० मानकाची, १००० व्होल्टची खूण असलेलीच इन्सुलेटेड हत्यारे वापरावीत, आणि घरात इतर कोणी चुकून ही उचलू नये म्हणून ती वायरिंगच्या पेटीत ठेवू नये.

वापरात मूठ काळवंडते आणि हाताने मऊ होते. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, तिला जवसाच्या तेलाचा एक हात द्यावा. उन्हाळ्यात शेंबी किंचित सैल वाटली तर तिच्या कडेवर दोन-तीन ठिकाणी सेंटर पंचाचे हलके ठसे द्यावेत, म्हणजे धातू आत दबून लाकडाला पकडतो. कधी टोक झिजून सळई बदलायची वेळ आली तर टोकाऐवजी शेंबीजवळचा भाग हॉट एअर गनने सावकाश तापवावा. इपॉक्सी मऊ पडतो आणि सळई पक्कडीने ओढून बाहेर येते. त्याच भोकात नवी सळई बसवता येते.